गोड बंद

सडक अर्जुनी
१९ फेब्रुवारी २०२४

डॉ. मोहित यांस,

वर नमस्कार लिहिलेला नाही. विसरले म्हणून नव्हे. मी शाळेत मराठी शिकवते, पत्राचे मायने मला तोंडपाठ आहेत. तुम्हाला नमस्कार करावासा वाटत नाही, एवढंच.

मी कुसुमबाईंची मुलगी. नावावरून तुम्हाला काही आठवणार नाही, कारण तुम्ही मान वर करून तिच्याकडे पाहिलं असेल असं मला वाटत नाही. म्हणून सांगते. कामठ्याहून यायची. वय सदुसष्ट, अंगानं बारीक, दोन्ही हातांवर गोंदण, मराठी मोडकंतोडकं. माझे वडील मूळ कामठ्याचे, पण नोकरी सगळी डोंगरगडला रेल्वेत झाली, आणि आई तिकडचीच. वडील गेल्यावर दोन वर्षांपूर्वी ती कामठ्याच्या घरात येऊन राहिली. मी शाळेमुळे इथं सडक अर्जुनीला असते. शेजारच्या सुशिलाबाई तिच्यावर लक्ष ठेवतात. तिला नऊ वर्षांपासून शुगर आहे. गोंदियात तुमचं नाव फार, म्हणून मीच तिला तुमच्याकडे पाठवलं होतं.

ती तुमच्याकडे चार वेळा आली. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारी. दर वेळी काळीपिवळी जीपनं सकाळी नऊला पोचायची, दुपारी एकला नंबर लागायचा आणि दोन मिनिटांत बाहेर. चारही वेळा तिनं तुम्हाला पायाचं सांगितलं. तुम्ही एकदाही पाय पाहिला नाही.

५ फेब्रुवारीला नागपूरला तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला.

२८ जानेवारीला सुशिलाबाईंचा फोन आला की आई घरात बसल्या बसल्या सरकते आहे आणि खोलीत वास येतो आहे. मी हातातलं टाकून गेले. उजव्या पायाला जुन्या लुगड्याच्या पट्ट्या होत्या, एकावर एक, घोट्यापासून बोटांपर्यंत, वरून सुतळी. त्या कात्रीनं कापून काढाव्या लागल्या. आत काय होतं ते डॉक्टरला सांगायला नको. तिला त्याचं दुखतही नव्हतं. मी विचारलं, हे बांधायला कुणी सांगितलं? म्हणाली, डॉक्टरनं. मी तीनदा विचारलं आणि तीनही वेळा तिनं तेच सांगितलं. डिसेंबरात आणि जानेवारीत ती ह्याच पट्ट्या बांधून तुमच्यासमोर बसली होती. टेबलाखाली एकदा वाकून बघायचं होतं.

तुमच्या दवाखान्यात मी सहा वेळा फोन केला. तुमचे कंपाउंडर सेवकराम दर वेळी सांगतात, साहब बिझी हैं. फोन आता पुरे झाला. तुम्ही माझ्या आईला काय सांगितलं ते मला तुमच्या सहीनं कागदावर हवं आहे. त्या कागदाचं काय करायचं ते मी ठरवीन. ती एका पायावर आणि तुम्ही खुर्चीत मजेत, हे मी चालू देणार नाही.

अल्का शहारे


गोंदिया
२ मार्च २०२४

श्रीमती अल्का शहारे यांना,

आपलं १९ फेब्रुवारीचं पत्र मिळालं. आपल्या मातोश्रींच्या प्रकृतीबद्दल वाचून वाईट वाटलं.

आपल्या पत्रातला आरोप मात्र वस्तुस्थितीला धरून नाही. पाय बांधून ठेवण्याचा सल्ला मी कोणत्याही रुग्णाला देणार नाही. आपण लेखी मागितलं म्हणून माझ्या इंग्रजीतल्या नोंदी मराठीत उतरवून देतो.

१० ऑक्टोबर. रुग्णाची मुख्य तक्रार गोडाची. सल्ला, गोड बंद.
७ नोव्हेंबर. पुन्हा गोडाविषयीच बोलतात. गोड पूर्ण बंद, तीन महिने. निक्षून सांगितलं.
१२ डिसेंबर. गोड बंद ठेवल्याचं सांगतात. साखर वाढलेलीच. विश्वास ठेवण्यासारखं नाही.
९ जानेवारी. तेच सांगतात. खोटं बोलतात. गोड सुटत नाही. गोळीचा डोस वाढवला.

पाय या शब्दाचा उल्लेख चारही भेटींत नाही. पायाची तक्रार सांगितली असती तर मी पाय तपासलाच असता. पथ्याविषयी कुटुंबीयांनाही कल्पना होती. दीर्घ आजारात रुग्णानं खरं सांगणं आणि पथ्य पाळणं ह्याला पर्याय नसतो. तसं न झाल्यास डॉक्टरचा नाइलाज होतो.

आपल्या मातोश्रींना लवकर आराम पडो.

डॉ. मोहित


सडक अर्जुनी
६ मार्च २०२४

डॉक्टर,

तुमचं पत्र मी शाळेत, मधल्या सुट्टीत उघडलं. नोंदी वाचल्या आणि मला हसू फुटलं. शेजारच्या बाईंना वाटलं, चांगली बातमी आहे.

डॉक्टर, माझ्या आईच्या बोलीत गोड म्हणजे पाय.

डोंगरगडच्या बाजूला पायाला गोड म्हणतात. जे तुम्ही गोड म्हणता त्याला ती मीठा म्हणते. ती तुमच्यापुढे बसून म्हणाली, गोड मं झुनझुनी धरथे. म्हणजे पायाला मुंग्या येतात. तुम्ही म्हणालात, गोड बंद करा. तिनं विचार केला असेल, एवढा शिकलेला डॉक्टर सांगतो आहे तर पाय बंद केला पाहिजे. आपल्याकडे दुखऱ्या अंगाला फडकं बांधतातच. तिनं बांधलं. पुढच्या वेळी तुम्ही म्हणालात, पूर्ण बंद, तीन महिने. तिनं आणखी पट्ट्या चढवल्या, सुतळी आवळली आणि तीन महिने मोजत बसली.

आता तुमच्याच नोंदी गोडाच्या जागी पाय घालून परत वाचा. रुग्णाची मुख्य तक्रार पायाची. पुन्हा पायाविषयीच बोलतात. पाय बंद ठेवल्याचं सांगतात. आणि त्याच्यापुढे तुमच्या हातचं, विश्वास ठेवण्यासारखं नाही. खोटं बोलतात.

माझी आई चहात साखर घालत नाही. नऊ वर्षं झाली. वडिलांच्या तेराव्याला सगळ्यांच्या ताटात बुंदी होती, हिच्या ताटात नव्हती. ती आयुष्यात एवढं खरं कुणाशी बोलली नसेल जेवढं तुमच्याशी बोलली, आणि तुम्ही तिला कागदावर खोटी ठरवून मोकळे झालात. पाय गेल्याचा राग आहेच. पण ह्या दोन शब्दांचा राग त्याहून मोठा आहे, हे तुम्हाला कळलं पाहिजे.

कुटुंबीयांना कल्पना होती म्हणे. कुटुंबीय कोण? सुशिलाबाई? त्यांना तुमच्या सेवकरामनं दारातच थांबवलं होतं. स्वतःला वाचवायला आणखी किती जणांची नावं पुढे करणार आहात?

मी कोर्टात जाणार नाही. तिथं तुमच्या वतीनं वकील बोलेल आणि वर्षं जातील. मला तुम्ही बोलायला हवे आहात. त्या खोलीत काय झालं ते सरळ लिहा, ह्या वेळी ऑफिसची भाषा नको. नाही लिहिलंत तर तुमच्या नोंदी आहेतच माझ्याकडे. मी तुम्हाला सोडणार नाही.

अल्का


गोंदिया
१५ मार्च २०२४

अल्काताई,

मागचं पत्र वकिलांना दाखवून लिहिलं होतं. ह्या वेळी त्यांनी सांगितलं, आता एक अक्षरही लिहू नका. तरी लिहितो आहे.

तुमचं पत्र वाचल्यावर मी दुपारची ओपीडी केली नाही. सेवकरामला सांगितलं, सगळ्यांना उद्या बोलाव. त्याला वाटलं, माझं बीपी वाढलं.

तो शब्द मला ठाऊक होता.

हे तुम्हाला सांगणं भाग आहे. माझं गाव तुमच्या सडक अर्जुनीपासून आठ किलोमीटरवर आहे. आमच्या आजोबांच्या आजोबांनी बांधलेला तलाव आहे गावाला, त्याच्याखाली आमची धानाची शेती. रोवण्याला, चिखलात रोपं लावायला, दर वर्षी छत्तीसगडच्या बाया यायच्या आणि पंधरा-वीस दिवस आमच्या अंगणात राहायच्या. मी चिखलातून आलो की त्या मला ओसरीवर पाय ठेवू देत नसत. गोड धो के आ, म्हणायच्या. मी गोड धुऊन यायचो. पाच-सहा वर्षांचा होतो तेव्हापासून हा शब्द मला येतो.

मग पुण्याला शिकायला गेलो. पहिल्याच वर्षी माझं बोलणं ऐकून वर्ग हसला, तेव्हापासून घरची बोली तोंडातून काढून टाकली. कानातूनही गेली असावी. माझ्याकडे दिवसाला पन्नास-साठ माणसं येतात आणि निम्म्याहून जास्त शुगरची. माणूस खुर्चीत टेकण्याआधी मी विचारतो, गोड खाता का? तुमच्या आईंनाही तेच विचारलं असणार. त्यांनी गोड म्हटलं आणि मला वाटलं, उत्तर मिळालं. पुढचं मी ऐकलं नाही. त्या आणखी बरंच बोलत होत्या, एवढं आठवतं. मी तोपर्यंत लिहीत होतो.

खोटं बोलतात हे लिहिण्याआधी मी त्यांना एक साधा प्रश्न विचारायला हवा होता. तो विचारला नाही. चूक माझी आहे. मला त्यांना भेटून हे सांगायचं आहे. तुम्ही म्हणाल त्या दिवशी कामठ्याला येतो.

एक विनंती आहे. हे पत्र तुमच्यासाठी आणि तुमच्या आईंसाठी आहे. लोकांसाठी नाही. माझ्याकडे येणारी माणसं गोळ्या घेतात ती माझ्यावर भरवसा ठेवून. तेवढं जपा.

मोहित


सडक अर्जुनी
१७ एप्रिल २०२४

डॉक्टर,

महिना झाला, उत्तर दिलं नाही. कामात होते. काम कोणतं ते तुमच्यापर्यंत पोचलंच असेल, तरी माझ्याकडूनही ऐका.

तुमच्या पत्रातली चार वाक्यं मी जशीच्या तशी छापली. तो शब्द मला ठाऊक होता. पुढचं मी ऐकलं नाही. मी तोपर्यंत लिहीत होतो. खोटं बोलतात हे लिहिण्याआधी मी त्यांना एक साधा प्रश्न विचारायला हवा होता. खाली तुमचं नाव, दवाखान्याचा पत्ता आणि आईचा नागपूरचा फोटो, पलंगावरचा. वर ठळक अक्षरात, हा डॉक्टर ऐकत नाही.

हजार पत्रकं काढली. इथल्या एसटी स्टँडवर लावली, हायवेवरच्या ढाब्यांवर लावली. कामठ्याच्या बाजारात सुशिलाबाईंनी वाटली. नागऱ्याला सोमवारी देवळाबाहेर मी स्वतः उभी होते. चौदा एप्रिलला गोंदियात मिरवणूक तुमच्या दवाखान्यावरून गेली, तेव्हा तुमच्या शटरवर एक आणि बाकावर एक चिकटवलं. सेवकराम बघत होता. त्यानं काढलं नाही, हे तुम्हाला सांगून ठेवते.

तुम्ही भरवसा जपा म्हणालात. माझ्या आईनं ठेवलेला भरवसा तुम्ही किती जपला ते नागपूरच्या दवाखान्यात मी पाहिलं आहे. आता तुमच्या बाकावर किती जण असतात? मी परवा रस्त्याच्या पलीकडे उभं राहून मोजले. सात होते. मार्चमध्ये उभं राहायला जागा नसायची.

आणखी एक. इथल्या स्टँडजवळच्या टपरीवर तुमचे वडील केशोराव चहाला येतात, हे मला माहीत नव्हतं. टपरीवाल्यानं दाखवले. ते पत्रक वाचत होते. चष्मा काढून पुसला, परत वाचलं, मग चार घड्या घालून खिशात ठेवलं आणि चहा तसाच टाकून निघून गेले. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

तुम्ही कामठ्याला यायचं नाही. आईची माफी मागून तुम्हाला हलकं व्हायचं आहे आणि मला तुम्हाला हलकं होऊ द्यायचं नाही.

अल्का


गोंदिया
२९ एप्रिल २०२४

अल्काताई,

मी विश्वासानं लिहिलेलं तुम्ही चौकात लावलंत. बाबा महिन्यातून दोनदा माझ्याकडे यायचे, ते पंधरा दिवस झाले फोनही उचलत नाहीत. हे तुम्हाला आवडेल म्हणून सांगतो.

आता दुसरी गोष्ट ऐका, ती आवडते का बघा. तुमच्या सडक अर्जुनीच्या नाक्यावर गुलाबचंद नावाचा टायरवाला आहे. वय एकेचाळीस, माझाच पेशंट, बारा वर्षांपासून इन्सुलिनची सुई घेतो. त्याच्या दुकानाच्या खांबावर तुमचं पत्रक आहे. त्यानं ते वाचलं आणि सुई सोडली. दहाव्या दिवशी त्याच्या बायकोनं त्याला बेशुद्ध गोंदियाला आणलं. चार दिवस तो इथं दवाखान्यात होता. वाचला, पण शुद्धीवर आल्यावरही सुई घेईना. मी दोनदा गेलो, त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. गेल्या आठवड्यात असे आणखी तिघे कळले. ते माझ्यावर चिडून दुसऱ्या डॉक्टरकडे गेले असते तर माझी काही तक्रार नव्हती. ते कुणाकडेच गेले नाहीत.

तुम्हाला सगळं लेखी हवं असतं. मग हेही घ्या. हे मी तुम्हाला कधीच लिहिणार नव्हतो. चौदा तारखेपर्यंत तरी नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की कुटुंबीयांना कल्पना होती. तुम्ही विचारलंत, कुटुंबीय कोण. तुम्ही.

१२ डिसेंबरला तुमच्या आईंनी माझ्यासमोर खुर्चीत बसून तुम्हाला फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून आवाज मोठा केलेला होता. तुमच्या मागे वर्गाचा गलका होता. तुमच्याशी त्या मराठीत बोलल्या, नेटानं, एकेक शब्द जुळवत. म्हणाल्या, "बेटी, गोड बंद आहे. थोडं थोडं चालते का?"

तुम्ही म्हणालात, "अजिबात चालणार नाही, आई. घरात नाही, बाहेर नाही. डॉक्टर म्हणतील तोवर बंद म्हणजे बंद."

आणि फोन ठेवलात. मला बरं वाटलं. घरात एक तरी शहाणं माणूस आहे असं वाटून मी पुढचा नंबर बोलावला. जानेवारीत त्यांना धरून आणावं लागलं ते का, हे मला तुमचं पहिलं पत्र दुसऱ्यांदा वाचताना कळलं. त्या घरात बसल्या बसल्या सरकत होत्या कारण तुम्ही सांगितलं होतं की चालणार नाही.

तुम्ही मराठी शिकवता. चालणे ह्या शब्दाचे अर्थ किती, हे तुम्ही मुलांना फळ्यावर लिहून देत असाल. गोड हा शब्द मला ठाऊक होता, म्हणून तुम्ही मला गावभर टांगलंत. तो तुम्हालाही ठाऊक होता. आणि मी त्यांचा कुणी नव्हतो.

आता हेही छापा.

मोहित


सडक अर्जुनी
७ मे २०२४

डॉक्टर,

तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा वाटलं, तुम्ही रचून लिहिलं आहे. तसं असावं अशी माझी फार इच्छा होती. मला तो फोन आठवत नव्हता. आई रोज फोन करते, कधी वर्गात, कधी रस्त्यात. मी निम्म्या वेळी हूं हूं करते.

शनिवारी कामठ्याला गेले. आई खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. मी तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं आणि विचारलं, असं झालं का, हो की नाही एवढंच सांग. तिनं सुपातून नजर काढली नाही. दोन-तीन खडे वेचून बाजूला टाकले आणि म्हणाली, "ओहू नइ सुनिस, तहूँ नइ सुने."

त्यानंही ऐकलं नाही, तूही ऐकलं नाहीस.

मी विचारलं, मग इतके दिवस मला का सांगितलं नाहीस, मी त्या माणसाच्या मागे हात धुऊन लागले होते. तर म्हणाली की तू माझ्यासाठी भांडत होतीस, ते बघायला बरं वाटत होतं. लग्न झाल्यापासून तू माझ्याकडे एका दिवसाच्या वर राहिली नव्हतीस, जानेवारीपासून दर शनिवारी येतेस. सांगितलं असतं तर येणं बंद झालं असतं. एवढं बोलून ती पुन्हा तांदळात बघायला लागली. मी बाहेर नळावर जाऊन रडले आणि सुशिलाबाईंना सांगितलं की डोळ्यात काही गेलं.

तुम्ही लिहिलंत की शब्द मलाही ठाऊक होता. त्याहून जास्त आहे. माझ्या लग्नात वऱ्हाड दारात आलं तेव्हा तिनं माझ्या सासऱ्यांना तांब्या देत म्हटलं, गोड धो लेव. सगळे हसले. मी नवरीच्या वेशात तिला आत नेऊन दटावलं की इथं गोड म्हणायचं नाही, पाय म्हणायचं, आणि माझ्याशी तर मराठीतच बोलायचं. त्या दिवसापासून ती माझ्याशी मराठीत बोलते. जमत नाही तरी बोलते. तुमच्या खोलीत ती मराठी बोलली ते तुमच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. त्यात गोड तेवढं राहिलं, कारण तो शब्द डॉक्टरच्या तोंडचा होता. डिसेंबरात ती आपल्या बोलीत बोलली असती तर मला फोनवरही कळलं असतं की ती चालण्याचं विचारते आहे.

गुलाबचंदकडे रविवारी गेले. तो टायर काढत होता, सावलीत बसून. मी सुईचं काढलं तर म्हणाला, "तुमीच लिवलं ना मॅडम, डॉक्टर आयकत नाही म्हून. मंग त्याची सुई कायले टोचू?" त्याला तुमची बाजू सांगण्याइतकी मी मोठ्या मनाची नाही. मी म्हटलं, डॉक्टरचं सोड, त्यानं ऐकलं नाही म्हणून माझ्या आईचा पाय गेला हे मी लिहिलं, ते अर्धंच होतं. मग उरलेलं अर्धं सांगितलं, फोनचं, चालणार नाहीचं, सगळं. त्याची बायको भांडी घासायची थांबून ऐकत होती. तिनंच आतून सुई आणली. आज तिसरा दिवस, मी रोज तिथं जाऊन बसते, तो टोचून घेईपर्यंत उठत नाही. त्या बाकीच्या तिघांची नावं मला कळवा.

जुनी पत्रकं मी सापडतील तेवढी काढली. नवीन छापली आहेत. त्यात लिहिलं आहे की गोळी सोडू नका, सुई सोडू नका, डॉक्टरनं सांगितलेलं त्याच्यासमोर आपल्या बोलीत परत म्हणून दाखवा आणि त्यानं ते ऐकल्याशिवाय खुर्चीतून उठू नका. खाली कुसुमबाईंच्या पायाची सगळी हकिकत आहे, तुमच्या नोंदींसकट आणि माझ्या फोनसकट. ती दोघांनी न ऐकल्याची आहे, म्हणून नावंही दोन आहेत. वर माझं, खाली तुमचं. तुमची परवानगी विचारलेली नाही. केशोराव चहा घेतात त्या टपरीवर मी आजच एक लावून आले.

हे वाचून आपली फिटंफाट झाली असं समजू नका. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तुमच्यावरचा राग अर्धा झाला असेल असं मला वाटलं होतं, तसंही झालं नाही. तो तेवढाच आहे, फक्त आता तेवढाच माझ्यावरही आहे.

आईची शुगर परवा पुन्हा वाढलेली निघाली. डावा पाय नीट राहायला हवा तर कुणाकडे तरी दाखवावंच लागेल. मी तिला म्हटलं की नागपूरचा मोठा डॉक्टर बघते, आपण ह्या माणसाचं तोंड पुन्हा बघायचं नाही. ती म्हणाली, त्याच्याकडेच जायचं. मला वाटलं, तिला तुमची दया आली. तसं काही नाही. तिचं म्हणणं असं की ह्या डॉक्टरला गोड कळायला तिचा एक पाय लागला, आता दुसऱ्या डॉक्टरला शिकवत बसायला तिच्याजवळ एकच उरला आहे.

सोमवारी सकाळी तिला घेऊन येते. सेवकरामला सांगा, नंबर लावणार नाही. ती तिच्या बोलीत बोलेल. तिचं संपेपर्यंत मी मध्ये तोंड घालणार नाही आणि तुम्ही पेन उचलायचं नाही.

अल्का